शिकवायला शिकवणार कोण?

इयत्ता पहिलीच्या मुलांना शिकवायचे तर अध्यापनाची पदविका लागते. पदवीच्या वर्गावर उभे राहायला ती लागत नाही. नेट किंवा सेट पुरते, आणि त्यातले अध्यापन म्हणजे पहिल्या प्रश्नपत्रिकेतले काही बहुपर्यायी प्रश्न. फळ्याकडे न जाता अध्यापनक्षमता सिद्ध करण्याची ही सोय मोठी मौजेची आहे. असो.

विद्यापीठांनी काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९८६च्या शैक्षणिक धोरणानंतर अ‍ॅकॅडेमिक स्टाफ कॉलेजे निघाली, तसे मुंबई विद्यापीठातही निघाले. २०२३पासून ही केंद्रे मालवीय मिशनच्या नावाने ओळखली जातात. नावे बदलली, पण मुख्य रोख नेमणूक झालेल्या अध्यापकांवर आणि त्यांच्या पदोन्नतीवरच राहिला.

प्रत्यक्षात वर्ग सांभाळतात ते पुष्कळदा निराळेच. उलव्यात राहणारी एखादी संशोधक विद्यार्थिनी डोळ्यांपुढे आणावी. खारकोपरहून नेरुळ, तेथे गाडी बदलून कुर्ला, मग कलिना. आणि त्याआधी कुठल्याशा महाविद्यालयात तासिका तत्त्वावर दोन तास. तयारी होते ती गाडीत. शिकवायचे कसे, हे तिला कोणी सांगितलेले नसते, म्हणून आपल्याला जसे शिकवले तसेच ती शिकवते: कवितेचा आशय, मग वैशिष्ट्ये, मग मुद्दे उतरवून देणे. कविता वर्गात मोठ्याने वाचलीच जात नाही. दोष तिचा नव्हे.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२च्या पीएच.डी. नियमावलीने, विषय कोणताही असो, संशोधकाला अध्यापनाचे प्रशिक्षण आवश्यक ठरवले. आठवड्याला चार ते सहा तास शिकवणीचे वा प्रयोगशाळेचे काम देण्याची मुभाही ठेवली. नियम चांगला आहे. मात्र काम अंगावर टाकले की प्रशिक्षण झाले, अशी समजूत करून घेण्याची वाटही त्यातच आहे.

अमेरिकेत मिशिगन विद्यापीठाने अध्यापनासाठी स्वतंत्र केंद्र काढले ते १९६२ साली. अशा केंद्रांतली सर्वांत उपयोगी गोष्ट अगदी साधी आहे: नवख्याच्या वर्गात कोणी जाणता माणूस मागच्या बाकावर बसतो आणि तास संपल्यावर त्याच्याशी बोलतो. याला ना इमारत लागते, ना उद्घाटन. मार्गदर्शकाने सत्रातून दोनदा एवढे करावे, इतकेच आमचे म्हणणे आहे. हे निरीक्षण कोणत्याही अहवालात जाऊ नये. गेले, तर त्या दिवसापुरता देखावा होईल. आणि तासिका तत्त्वावरच्या अध्यापकाला त्या बोलण्याच्या वेळेचेही मानधन मिळावे. एरवी तिचे लक्ष घड्याळाकडे राहणार. खारकोपरची गाडी गाठायची असते.