जुन्या मोटारीचे टायर : किलोमीटरइतकेच कॅलेंडरही पाहा

वस्तू व सेवा कराच्या दरांत २२ सप्टेंबर २०२५ पासून जे बदल झाले, त्यांत मोटारींच्या नव्या टायरवरील कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. त्या वेळी चर्चा झाली ती प्रामुख्याने नव्या छोट्या मोटारी किती स्वस्त झाल्या याची. टायरचा उल्लेख यादीत कुठेतरी खाली होता. वास्तविक नवी मोटार घेणाऱ्यांपेक्षा जुनी मोटार चालती ठेवणाऱ्यांची संख्या कितीतरी मोठी आहे आणि त्यांना या कपातीचा लाभ टायरच्या दुकानातच मिळणार आहे. करपूर्व किंमत ४,००० रुपये असलेला टायर पूर्वी ५,१२० रुपयांना पडत असे, तो आता ४,७२० रुपयांना पडतो. चार टायरमागे १,६०० रुपये वाचतात. ही रक्कम फार मोठी नाही. पण ती कशी वापरायची, या प्रश्नाचा संबंध थेट रस्त्यावरील सुरक्षिततेशी आहे.

हा प्रश्न समजून घ्यायचा तर नागपूर जिल्ह्याच्या वायव्य टोकाला असलेल्या नरखेड तालुक्याकडे पाहावे. संत्री आणि मोसंबीच्या बागांचा हा मुलूख. एका बाजूला वर्धा नदीपलीकडे अमरावती जिल्हा, तर दुसऱ्या बाजूला मध्य प्रदेशची सीमा. दवाखाना, महाविद्यालय, न्यायालय, बाजार अशा प्रत्येक मोठ्या कामासाठी नागपूर गाठावे लागते आणि ते सुमारे ऐंशी-नव्वद किलोमीटरवर आहे. नरखेड हे रेल्वे जंक्शन असले, तरी जलालखेडा, मोवाड, सावरगाव अशा गावांतील कुटुंबांना रात्रीअपरात्री रुग्ण हलवायचा तर दारातली मोटारच उपयोगी पडते. ही मोटार बहुधा नवी नसते. दहा-बारा वर्षे शहरात वापरलेली सेडान पुढे तालुक्याच्या गावी येते, ‘एमएच-३१’ किंवा ‘एमएच-४९’ ही नागपूर शहराची पाटी मिरवत आणखी काही वर्षे धावते. शहरातील वाचकाने विकलेली मोटार अशी दुसऱ्या कुणाच्या तरी कुटुंबाचा भार वाहत असते. तिचे टायर बदलण्याची वेळ येते तेव्हा मालकापुढे मोठा पेच उभा राहतो. मोटारीची बाजारातील किंमतच लाख-दीड लाख असताना टायरवर वीस हजार खर्च करायचे का?

‘बारमाही’ म्हणजे काय?

पाश्चात्त्य देशांत टायर ऋतूंप्रमाणे विकले जातात. तापमान सात अंशांखाली गेले की उन्हाळी टायरचे रबर कडक होऊ लागते, म्हणून हिवाळ्यासाठी मऊ रबराचे वेगळे टायर असतात. हे दोन संच सांभाळण्याची कटकट नको असलेल्यांसाठी ‘ऑल सीझन’ म्हणजे सर्व ऋतूंचे टायर आले. हा शब्द आता आपल्याकडेही जाहिरातींतून कानावर पडतो. परंतु बर्फ हा ज्या टायरच्या रचनेतला मुख्य विचार आहे, त्याचे विदर्भात काय काम? नागपुरात डिसेंबर २०१८ मध्ये पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता हे खरे. पण ती थंडी एखाद्या पहाटेची. इथला खरा कस लागतो तो मे महिन्यात ४५ अंशांच्या पुढे जाणाऱ्या उन्हात आणि जून ते सप्टेंबर या काळातील पावसात. भारतात मिळणारा साधा टायर याच हवामानासाठी बनवलेला असतो. आपल्या अर्थाने तोच बारमाही आहे. हिमखुणेसाठी जादा पैसे मोजणे व्यर्थ आहे. उलट हिवाळ्यासाठीचे मऊ रबर आपल्या उन्हात लवकर झिजते.

मग निवड कशावर करायची? बहुतेक ग्राहक दोनच प्रश्न विचारतात. किंमत किती आणि किती किलोमीटर चालेल? दुसरा प्रश्न टॅक्सीवाल्यासाठी योग्य आहे. तालुक्यातील घरगुती मोटारीला मात्र तो फसवा ठरतो. अशी मोटार वर्षाला पाच-सहा हजार किलोमीटर धावते, असे धरू. पन्नास हजार किलोमीटर टिकणारा टायर झिजायला तिला आठ-दहा वर्षे लागतील. पण रबर तोवर थांबत नाही. ऊन, उष्णता आणि हवेतील प्राणवायू यांमुळे ते कडक होत जाते, त्याला बारीक भेगा पडतात आणि ओल्या रस्त्यावरची त्याची पकड कमी होते. अनेक मोटार उत्पादक सहा वर्षांनंतर टायर बदलण्याची शिफारस करतात. टायर कंपन्यांच्या मते नक्षी कितीही शिल्लक असली तरी दहा वर्षे ही कमाल मर्यादा होय. म्हणजे कमी धावणाऱ्या जुन्या मोटारीचा टायर झिजण्याआधीच म्हातारा होतो. तिच्या मालकाने अतिदीर्घ आयुष्याच्या महागड्या टायरमागे लागण्याचे कारण नाही. त्याला हवा तो मध्यम किमतीचा, ओल्या रस्त्यावर चांगली पकड देणारा आणि मुख्य म्हणजे ताजा टायर.

टायर ताजा आहे की नाही, हे त्याच्यावरच लिहिलेले असते. टायरच्या बाजूला लांबलचक अक्षरांकांच्या शेवटी चार अंक असतात. पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. ‘२३२५’ म्हणजे २०२५ सालातील तेविसावा आठवडा. दुकानात तीन वर्षे पडून राहिलेला टायर ‘खास सवलतीत’ मिळत असेल, तर त्याचे निम्मे आयुष्य आधीच सरले आहे, हे हे चार अंक सांगतात. किमतीवर घासाघीस करणारा ग्राहक हे अंक क्वचितच वाचतो.

स्वस्ताईचा हिशेब

पेच सोडवण्याचा सोपा वाटणारा मार्ग म्हणजे वापरलेले टायर. शहरात कुणीतरी हौसेने बदललेले टायर पंधराशे-दोन हजारांत मिळतात. काही वेळा गुळगुळीत झालेल्या टायरवर नव्या खाचा कोरून तो ‘चांगला’ म्हणून खपवला जातो. त्यामुळे रबराचा उरलासुरला थरही पातळ होतो आणि आतल्या तारांचे जाळे उघडे पडण्याची भीती वाढते. हा धोका क्षणभर बाजूला ठेवून निव्वळ पैशांचा हिशेब मांडू. नवे चार टायर १८,८८० रुपयांना घेतले आणि ते सहा वर्षांत ३६,००० किलोमीटर चालले, तर किलोमीटरमागे सुमारे ५२ पैसे पडले. वापरलेले चार टायर ६,००० रुपयांना घेतले आणि दर दोन वर्षांनी बदलावे लागले, तर त्याच काळात १८,००० रुपये गेले. बसवण्याची आणि बॅलन्सिंगची मजुरी तीनदा दिली ती वेगळीच. जी बचत म्हणून केली ती बचत उरतच नाही. मात्र एकदम अठरा हजार काढणे आणि दोन-दोन वर्षांनी सहा हजार काढणे यांत पिकाच्या पैशावर चालणाऱ्या घराला फार मोठा फरक पडतो. तालुक्यातील स्वस्त टायरचा बाजार अज्ञानापेक्षा या अडचणीवर अधिक चालतो, हे लक्षात घेतले पाहिजे.

यावर मधला मार्ग आहे. चारही टायर एकदम बदलणे शक्य नसेल तर दोन नवे घ्यावेत आणि ते मागच्या चाकांना लावावेत. पुढच्या चाकांवर इंजिनाचा भार असल्याने नवे टायर पुढे लावण्याची आपल्याकडे पद्धत आहे. पण पावसात मागची चाके घसरली तर मोटार गरकन फिरते आणि सामान्य चालकाला ती सावरता येत नाही. पुढची घसरली तर निदान वेग कमी करून ताबा मिळवता येतो. म्हणून चांगली पकड मागे हवी.

आकारात मात्र तडजोड नको. पहिल्या पिढीच्या स्विफ्ट डिझायरच्या काही प्रकारांना १६५/८० आर १४, तर काहींना १८५/७० आर १४ हे टायर कंपनीकडूनच आले होते. रुंदी वेगळी असली तरी दोन्हींचा बाहेरचा व्यास जवळजवळ सारखाच भरतो. असे कंपनीने मान्य केलेले पर्याय वाहनपुस्तिकेत दिलेले असतात. त्यापलीकडे जाऊ नये. आकारापुढील ‘८५ टी’ सारख्या खुणेकडेही लक्ष हवे. ८५ म्हणजे एका टायरने पेलण्याचा कमाल भार ५१५ किलो आणि ‘टी’ म्हणजे ताशी १९० किलोमीटरपर्यंतची क्षमता. आंबिया बहराच्या दिवसांत पाच माणसांसह डिकीत संत्र्यांच्या चार-पाच क्रेट टाकून नागपूरला निघणाऱ्या मोटारीसाठी पहिला आकडा अधिक महत्त्वाचा. थोड्या पैशांसाठी कमी भारक्षमतेचा टायर घेणे म्हणजे मागच्या चाकांवर रोज अन्याय करणे होय.

हवा कमी, धोका जास्त

उन्हाळ्यात हवा तापून दाब वाढतो, म्हणून टायरमध्ये मुद्दाम हवा कमी ठेवावी, असा समज विदर्भात खोलवर रुजला आहे. तो घातक आहे. हवा कमी असलेला टायर चालताना अधिक दबतो, त्याची बाजू सतत वाकते आणि त्यातूनच खरी उष्णता निर्माण होते. कंपनीने सांगितलेला दाब हा थंड टायरचा असतो. उन्हाने होणारी वाढ त्यात गृहीत धरलेली असते. त्यामुळे सकाळी निघण्यापूर्वी, टायर थंड असताना हवा तपासावी. प्रवासात गरम टायरमधली हवा काढू नये. नायट्रोजन भरला म्हणजे काळजी मिटली, असेही नाही. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो.

समृद्धी महामार्गाने या बारीकसारीक गोष्टींना वेगळे वजन आणले आहे. ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर ते शिर्डी हा टप्पा खुला झाला आणि ५ जून २०२५ रोजी मुंबईपर्यंतचा ७०१ किलोमीटरचा मार्ग पूर्ण झाला. काटोलच्या रस्त्यावर साठ-सत्तरच्या वेगाने निभावून जाणारा टायर शिवमडक्याच्या नाक्यापलीकडे ताशी १२० किलोमीटरच्या वेगाने तासन् तास धावू लागतो, तेव्हा त्याचे वय, भार आणि हवा या तिन्हींची एकदमच परीक्षा होते. १ जुलै २०२३ च्या पहाटे सिंदखेडराजाजवळ खासगी बसला झालेल्या अपघातात २५ जण मृत्युमुखी पडले. टायर फुटल्याचे चालकाने सांगितले. परिवहन विभागाच्या अहवालात मात्र त्याला पुष्टी मिळाली नाही. प्रत्येक अपघाताचे खापर टायरवर फोडणे सोयीचे असते, हा त्यातला धडा. पण म्हणून टायर निर्दोष असतात, असा अर्थ काढता येणार नाही.

तपासणी कुठे हवी?

या महामार्गाच्या प्रवेशद्वारी झिजलेल्या टायरची वाहने परिवहन विभागाने परत पाठवली, हे योग्यच झाले. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार मोटारीच्या टायरवरील खाचांची खोली १.६ मिलिमीटरपेक्षा कमी असता कामा नये. ती मर्यादा दाखवणारे छोटे उंचवटे खाचांच्या तळाशी असतात; नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली की टायर संपला. पावसाचे पाणी या खाचांतूनच बाहेर फेकले जाते. खाचा उथळ झाल्या की टायर पाण्यावर तरंगू लागतो आणि ब्रेक दाबूनही उपयोग होत नाही. परंतु महामार्गावर न जाणाऱ्या मोटारीचे काय? खासगी मोटारीची सरकारी तपासणी पंधरा वर्षांनी नोंदणी नूतनीकरणाच्या वेळी होते आणि त्यानंतर दर पाच वर्षांनी. मधल्या काळात तिच्या टायरकडे पाहते ते पंक्चरचे दुकानच.

नियम करण्यात सरकार मागे राहिलेले नाही. टायरला भारतीय मानक ब्युरोची मोहर सक्तीची आहे. ओल्या रस्त्यावरील पकड, लोळण्याला होणारा विरोध आणि आवाज यांच्या किमान कसोट्या नव्या रचनांना ऑक्टोबर २०२२ पासून आणि आधीच्या रचनांना २०२३ पासून लागू झाल्या. उणीव आहे ती पुढच्या पायरीची. टायर कसोटीला उतरला एवढेच ग्राहकाला कळते; किती गुणांनी उतरला हे कळत नाही. युरोपात २०१२ पासून ओल्या रस्त्यावरील पकडीची श्रेणी टायरच्या चिठ्ठीवर छापलेली असते. त्यामुळे तिथला सामान्य ग्राहक स्वस्त टायरांतला चांगला टायर निवडू शकतो. आपल्याकडे दुकानदाराचा शब्द हीच श्रेणी! इंधनबचतीचे तारांकन सुरू झाले आहे. पण पावसात मोटार वेळेत थांबेल की नाही, ही माहिती तेवढीच ठळकपणे समोर यायला हवी.

यासाठी मोठ्या योजनेची गरज नाही. पकडीची श्रेणी टायरवर छापणे सक्तीचे करावे. पावतीवर निर्मितीचा आठवडा आणि वर्ष लिहिण्याचे बंधन घालावे. तालुक्याच्या ठिकाणी परवान्यासाठी भरणाऱ्या शिबिरांत टायर तपासण्याची सोय करावी. देशात २०२२ साली रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली. त्यांतील किती जणांचा मृत्यू टायरमुळे झाला याचा वाद घालता येईल; पण ब्रेक दाबल्यावर मोटार कुठे थांबणार हे शेवटी तळहाताएवढ्या चार रबरी ठशांवर ठरते, याबद्दल वाद नाही. करकपातीतून चार टायरमागे वाचलेले १,६०० रुपये ही त्या ठशांसाठी मिळालेली सवड आहे. ते खिशात ठेवण्यापेक्षा निर्मितीची तारीख पाहून, ताजा टायर घेण्यासाठी खर्चावेत, यातच जुन्या मोटारीच्या मालकाचा खरा फायदा आहे.