मैदान कामगारांचे, मालकी कोणाची?

हेब्बाळमध्ये राहणाऱ्या आम्हा मराठी रेल्वे व टपाल कामगारांच्या घरांतील मुले मँचेस्टर युनायटेडच्या लाल सदऱ्यासाठी हट्ट धरतात. या क्लबने इंग्लंडचे लीग विजेतेपद २० वेळा पटकावले, १९६८ साली युरोपियन कप जिंकणारा तो पहिला इंग्लिश संघ ठरला, १९९९ साली एकाच हंगामात तीन मोठ्या स्पर्धा जिंकल्या, हे सारे त्यांना तोंडपाठ असते. पण हा क्लब आपल्यासारख्याच रेल्वे कामगारांनी काढला, हे आपण त्यांना सांगतो काय?

१८७८ साली लँकेशायर अँड यॉर्कशायर रेल्वेच्या न्यूटन हीथ येथील कॅरेज अँड वॅगन खात्यातील कामगारांनी हा संघ उभा केला. सुरुवातीला सामने होत ते इतर खात्यांशी आणि इतर रेल्वे कंपन्यांशी. १९०२ साली क्लब कर्जात बुडाला, तेव्हा एका दारू कारखानदाराने व त्याच्या सहकाऱ्यांनी पैसा घातला आणि क्लबला आजचे नाव मिळाले.

१९०७ साली मँचेस्टरमध्येच खेळाडूंची युनियन स्थापन झाली. बिली मेरेडिथ, चार्ली रॉबर्ट्स हे युनायटेडचे खेळाडू तिच्या अग्रभागी होते. त्या वेळी खेळाडूला आठवड्याला ४ पौंडांपेक्षा अधिक वेतन देण्यास बंदी होती. युनियनने कामगार महासंघाशी संलग्न होण्याचे ठरवताच फुटबॉल संघटनेने १९०९ साली फर्मान काढले : युनियन सोडा, नाहीतर खेळणे बंद! बहुतेकांनी माघार घेतली. युनायटेडचे खेळाडू मात्र हटले नाहीत. ‘बहिष्कृत संघ’ असे नाव घेऊन त्यांनी सराव चालू ठेवला. अखेर युनियनला मान्यता मिळाली. महासंघाशी संलग्नता मात्र सोडावी लागली. वेतनाची कमाल मर्यादा उठली ती १९६१ साली, संपाच्या इशाऱ्यानंतर.

भांडवलाशिवाय खेळ चालत नाही, असे कोणी म्हणेल. १९०२ सालचा अनुभव तसा आहेही. पण २००५ साली ग्लेझर कुटुंबाने कर्ज काढून क्लब विकत घेतला आणि त्या कर्जाचा मोठा बोजा क्लबच्याच डोक्यावर टाकला. चिडलेल्या काही चाहत्यांनी ‘एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर’ हा वेगळा क्लब काढला. तेथे प्रत्येक सभासदाला एकच मत.

आपला इतिहासही कमी नाही. १९५८ साली ईस्टर्न रेल्वेने कलकत्ता लीग जिंकली. पी. के. बॅनर्जी त्याच संघातले. १९६० च्या दशकात रेल्वेने संतोष ट्रॉफी तीनदा जिंकली. ही कामगिरी रेल्वेच्या मैदानांवर आणि क्रीडा भरतीच्या आधारावर उभी राहिली. २०२१ साली मात्र केंद्र सरकारच्या मालमत्ता-रोखीकरण योजनेत रेल्वेची १५ क्रीडांगणे घेण्यात आली. त्या वर्षी विकासासाठी निवडलेल्या क्रीडांगणांत हेब्बाळजवळील येलहंकाचे मैदान होते, मुंबईतील परळ व महालक्ष्मीही होते.

वेतन, भत्ता, पेन्शन यांइतकेच मैदान हेही आपल्या हक्काचे आहे, असे आम्ही मानतो. प्रत्येक शाखेने आपल्या भागातील मैदानाची चौकशी करावी, क्रीडा कोट्यातील भरतीचा हिशेब मागावा आणि सर्वसाधारण सभेत तसा ठराव मांडावा. मैदान एकदा हातचे गेले, की मुलांच्या वाट्याला फक्त विकतचा सदरा उरतो.