विश्लेषण : कॉमिक्समधील उभयलैंगिक पात्रे पानावर असूनही दिसत का नाहीत?

रत्नागिरी : सुपरमॅनचा मुलगा, बॅटमॅनचा साथीदार रॉबिन, वंडर वुमन, हार्ली क्विन... गेल्या दशकभरात अमेरिकी कॉमिक्समधील अनेक ओळखीची पात्रे उभयलैंगिक असल्याचे समोर आले. २३ सप्टेंबर हा दिवस १९९९ पासून उभयलैंगिक व्यक्तींची दखल घेण्यासाठी पाळला जातो. वेताळ आणि मँड्रेकच्या इंद्रजाल कॉमिक्सवर वाढलेल्या मराठी वाचकाला हा बदल नवा वाटेल. तो कसा घडला आणि आपल्याकडे काय चित्र आहे?

उभयलैंगिक म्हणजे नेमके काय?

ज्या व्यक्तीला एकाहून अधिक लिंगांच्या व्यक्तींबद्दल प्रेम किंवा शारीरिक आकर्षण वाटू शकते, ती उभयलैंगिक. मराठीत गोंधळ शब्दापासूनच सुरू होतो. शाळेच्या विज्ञानात जास्वंद हे द्विलिंगी फूल, कारण त्यात पुंकेसर आणि स्त्रीकेसर दोन्ही असतात. त्यामुळे ‘उभयलिंगी’ म्हटले की अनेकांना शरीररचनेबद्दल बोलणे चालले आहे असे वाटते. प्रत्यक्षात मुद्दा शरीराचा नसून आकर्षणाचा आहे. म्हणून ‘उभयलैंगिक’ हा शब्द अधिक नेमका ठरतो.

सुपरमॅनच्या घरात काय घडले?

११ ऑक्टोबर २०२१ रोजी डीसी कॉमिक्सने जाहीर केले, की क्लार्क केंट आणि लोइस लेन यांचा मुलगा जॉन केंट हा उभयलैंगिक आहे. पुढच्याच महिन्यात आलेल्या ‘सुपरमॅन : सन ऑफ काल-एल’च्या पाचव्या अंकात जॉन आणि पत्रकार जे नाकामुरा यांचे चुंबन दिसले. लेखक टॉम टेलर, चित्रकार जॉन टिम्स. त्याआधी ऑगस्टमध्ये ‘बॅटमॅन : अर्बन लेजंड्स’मध्ये टिम ड्रेक या रॉबिनने बर्नार्ड या मित्रासोबत ‘डेट’ला जाण्यास होकार दिला होता.

इतकी वर्षे का लागली?

१९५४ मध्ये मानसोपचारतज्ज्ञ फ्रेडरिक वर्थम यांनी कॉमिक्समुळे मुले बिघडतात, असा आरोप करणारे पुस्तक लिहिले. बॅटमॅन-रॉबिनच्या नात्यावरही त्यांनी बोट ठेवले. त्याच वर्षी घाबरलेल्या प्रकाशकांनी ‘कॉमिक्स कोड’ स्वीकारला. ‘लैंगिक विकृती’ दाखवणे तर सोडाच, सूचित करण्यासही त्यात मनाई होती आणि समलिंगी आकर्षण त्याच खात्यात मोडत होते. ही अट १९८९ मध्ये सैल झाली. मार्व्हलने २००१ मध्ये, तर डीसीने २०११ मध्ये कोड सोडला. भयकॉमिक्सची धास्ती भारतानेही घेतली होती. १९५६ मध्ये संसदेने तरुणांना अपायकारक ठरणाऱ्या प्रकाशनांविरोधात कायदा केला.

दाखवण्यातली अडचण कोणती?

एका चौकटीत एकच जोडी दिसते. दोन पुरुष दिसले की वाचक ‘समलिंगी’ म्हणतो, स्त्री-पुरुष दिसले की ‘नेहमीचेच’. उभयलैंगिकता एका चित्रात मावत नाही, तिला काळ लागतो. जॉनच्या बाबतीत तो शब्द वाचकांपर्यंत आधी प्रकाशकाच्या घोषणेतून पोहोचला. टिमचे तसे नव्हते. स्टेफनी ब्राऊनसोबतचे त्याचे प्रेम वाचकांनी वर्षानुवर्षे पाहिले होते. बर्नार्ड आल्याने ते खोटे ठरत नाही. वर्षानुवर्षे चालणाऱ्या मालिकेत हे सहज दाखवता येते.

आपल्याकडे काय?

सर्वांत जवळचे उदाहरण म्हणजे अमृता पाटील यांची ‘कारी’ ही इंग्रजी ग्राफिक नॉव्हेल (२००८). लेखिकेचे बालपण गोव्यात गेले. कथेत मुंबईसारखे महानगर आहे. जाहिरात कंपनीत काम करणारी कारी रूथवर प्रेम करते. मात्र ही दोन स्त्रियांच्या प्रेमाची गोष्ट आहे, उभयलैंगिकतेची नव्हे.

ती सापडते सचिन कुंडलकर यांच्या ‘कोबाल्ट ब्लू’ (२००६) या मराठी कादंबरीत. पेइंग गेस्ट म्हणून आलेल्या तरुणावर तनय आणि अनुजा हे भाऊ-बहीण दोघेही प्रेम करतात. गोष्ट या दोघांच्या तोंडून येते. दोघांच्याही आयुष्यात आलेला तो तरुण मात्र निनावी राहतो आणि शेवटी दोघांनाही सोडून जातो. कादंबरी म्हणून ती निवड प्रभावी आहे. पण मराठीत ठळकपणे आलेल्या या पात्राला स्वतःची बाजू मांडायची संधी मिळत नाही, हेही खरे.

मराठीत हे बोलणे नवे आहे का?

नाही, आणि याचा धागा थेट रत्नागिरी जिल्ह्याशी जुळतो. दापोली तालुक्यातील मुरुडचे र. धों. कर्वे यांनी १९२७ ते १९५३ ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवले. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्यांची बाजू मुंबई उच्च न्यायालयात मांडली ती डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी. त्यांचे मूळ गाव आंबडवेही याच जिल्ह्यात, मंडणगड तालुक्यात. कर्व्यांना दंड झाला, मासिक मात्र सुरू राहिले.

वाचकाला काय फरक पडतो?

सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांमधील परस्परसंमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून बाहेर काढले. समलिंगी विवाहाला मान्यता देण्यास मात्र १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात नकार मिळाला. या दोन निकालांच्या मधल्या जागेत उभयलैंगिक व्यक्तीवर एक वेगळाच दबाव येतो : ‘दोन्ही आवडतात ना, मग मुलीशीच लग्न कर, सगळे मार्गी लागेल.’ लग्न झाले, की ती ओळख घरच्यांच्या लेखी संपते. कॉमिक्समध्ये एका चौकटीवरून पात्र ओळखण्याची चूक होते, तीच ही.

ॲलिस ओसमन यांची ‘हार्टस्टॉपर’ २०१६ मध्ये वेबकॉमिक म्हणून सुरू झाली, पुढे नेटफ्लिक्सवर आली. त्यातला रग्बी खेळणारा निक आपल्याला मुली आणि मुलगेही आवडतात हे हळूहळू समजून घेतो, त्यासाठी शब्द शोधतो आणि आईला सांगतो. अशी कॉमिक्स आता मोबाइलवर वाचता येतात, त्यासाठी दुकान गाठावे लागत नाही. भाषा मात्र इंग्रजीच. घरी सांगायची वेळ येते, तेव्हा आईला समजेल असा शब्द मराठीतच लागतो.