हे बाबासाहेब कुठे म्हणाले?



गेल्या जयंतीच्या भाषणाची तयारी करताना माझ्या नऊ वर्षांच्या मुलीने विचारले, “बाबा, ‘शिका, संघटित व्हा, संघर्ष करा’ हे बाबासाहेब कुठे म्हणाले?” मी उत्तरलो, “अगं, ते सर्वांनाच ठाऊक आहे.” बोलताच माझी मलाच लाज वाटली. जुरोंग आयलंडवरील कारखान्यांसाठी मी संगणक प्रणाली लिहितो. सात बेटे भराव घालून जोडलेल्या त्या बेटावर पासाशिवाय प्रवेश नाही आणि क्रमांक पडताळल्याविना कोणी व्हॉल्व्हला हात लावत नाही. ऐकीव माहिती तेथे चालत नाही. घरात मात्र मी ती चालवली होती.

म्हणून शोधाचे प्राथमिक धडे आम्ही दोघांनी मिळून गिरवले. पहिला धडा, प्रश्न लहान करणे. ‘बाबासाहेब’ हा विषय झाला. ‘ही घोषणा त्यांनी केव्हा, कुठे, कोणत्या भाषेत दिली?’ हा प्रश्न. दुसरा, ग्रंथालयाची तालिका वाचणे. बौद्ध धर्माचा वर्गांक 294.3, त्या कपाटाशी गेले की शेजारची, नावही न ऐकलेली पुस्तके भेटतात. तिसरा, दुय्यम साधनाकडून मूळ साधनाकडे जाणे. धनंजय कीर यांच्या इंग्रजी चरित्राने आम्हाला जुलै 1942 मधील नागपूरच्या दलित वर्ग परिषदेकडे नेले. तेथून महाराष्ट्र शासनाने प्रकाशित केलेल्या इंग्रजी लेखन व भाषणांच्या सतराव्या खंडाकडे वळलो. हे खंड इंटरनेटवर विनामूल्य आहेत. चौथा, ग्रंथ, खंड आणि पृष्ठ तत्क्षणी टिपून ठेवणे.

हाती काय आले? इंग्रजी शब्दांचा क्रम ‘एज्युकेट, ॲजिटेट, ऑर्गनाइझ’ असा आहे. आपल्या मराठी घोषणेत शेवटच्या दोन शब्दांची अदलाबदल झाली आहे. शिवाय ही त्रयी 1880 च्या दशकात ब्रिटनमधील सोशल डेमोक्रॅटिक फेडरेशनही वापरत असे.

यामुळे घोषणेचे तेज उणावते, असे कोणी म्हणेल. मला तसे वाटत नाही. शिक्षणाने मन अस्वस्थ व्हावे आणि त्या अस्वस्थतेतून संघटना उभी राहावी, असा अर्थ या क्रमातून मला दिसतो. ‘ॲजिटेट’मध्ये रस्त्यावरचा लढा आहे, तसे विचारांचे मंथनही आहे. मूळ वाक्यापाशी गेलो नसतो, तर हा विचारच सुचला नसता.

शाळेत ज्यांना संस्कृत नाकारले गेले आणि फारसी घ्यावी लागली, त्याच बाबासाहेबांनी लंडनमध्ये ब्रिटिश म्युझियम आणि इंडिया ऑफिसच्या ग्रंथालयांत बसून अभ्यास केला. रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा ग्रंथ 1923 मध्ये आला, तो अशाच पडताळलेल्या आधारांवर. व्हिक्टोरिया स्ट्रीटवरील राष्ट्रीय ग्रंथालयाचे सातव्या ते तेराव्या मजल्यांवरचे संदर्भ दालन आज आपल्याला विनामूल्य खुले आहे. तेथे पास लागत नाही, जात विचारली जात नाही. तरीही आपण मोबाइलवर आलेले सुविचार न तपासता पुढे धाडतो, ही त्यांच्या अभ्यासवृत्तीशी प्रतारणा आहे.

माझी एक विनंती आहे. पुढील जयंतीला प्रत्येक मुलाने बाबासाहेबांचे एकच वाक्य सांगावे; मात्र ग्रंथ, खंड आणि पृष्ठ यांसह. आधार सापडला नाही, तर ते वाक्य कितीही सुंदर असो, त्यांच्या नावावर खपवू नये.