पाटा वाढवला, ब्रेक कोण वाढवणार?

जुनी गाडी चालवणं हा गुन्हा नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण आजकाल "पंधरा वर्षं झाली, आता भंगारात घाल" असं कुणीही उठून सांगतं. दिल्ली भागातला जुन्या डिझेल गाड्यांचा नियम टीव्हीवर ऐकून इकडं बेळगावात लोक घाबरतात. तो नियम त्या भागापुरता. आपल्याकडे मालवाहू गाडी आठ वर्षांची होईपर्यंत फिटनेस दोन-दोन वर्षांचा मिळतो, त्यानंतर दरवर्षी तपासणी. पास झाली तर गाडी रस्त्यावर, नाही झाली तर नाही. सरळ हिशेब आहे.

हे सगळं साहित्याच्या विद्यार्थिनीला कशाला, असं कुणी विचारेल. आमच्या घरी एक पिकअप आहे, सेकंडहँड घेतलेली. बेळगावची भाजी जांबोटी, कणकुंबी, चोर्ला करत साखळीला आणि पुढं पणजीला पोचवते. माझी फी त्याच भाजीतून येते. त्यामुळं आमच्या घरात जेवताना कवितेपेक्षा लायनर, बुश आणि बेअरिंगवर जास्त चर्चा होते, आणि गेल्या काही महिन्यांत एकाच विषयावर वाद चाललाय: मागचे पाटे वाढवायचे का?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. पिकअपच्या मागच्या बाजूला पोलादाच्या वाकवलेल्या पट्ट्या एकावर एक रचलेल्या असतात. त्यांना पाटे म्हणतात. माल भरला की त्या दबतात. गॅरेजमध्ये एक-दोन जादा पट्ट्या घातल्या की गाडी दबत नाही, ताठ उभी राहते. मग मालक खूश, व्यापारी खूश. "अजून दहा पोती टाक की, गाडी बसली कुठं?" हे वाक्य मार्केट यार्डात रोज ऐकू येतं.

माझं म्हणणं एवढंच आहे: दुरुस्ती आणि फेरफार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपण त्या एकाच शब्दात गुंडाळतो. "गाडीचं काम केलं" म्हटलं की दोन्ही आलं. आमच्या भाषेत बोलायचं तर दुरुस्ती म्हणजे शुद्धलेखन. लेखकाने जे लिहिलं होतं तेच नीट वाचता येईल असं करणं. फेरफार म्हणजे दुसऱ्याच्या पुस्तकात आपलं प्रकरण घुसडणं आणि मुखपृष्ठ मात्र तेच ठेवणं. गाडीचं मुखपृष्ठ म्हणजे आरसी. कायद्याचं मागणं मुळात इतकंच आहे की आरसीवरची गाडी आणि रस्त्यावरची गाडी एकच असावी.

मोटार वाहन कायदा 1988, कलम 52. कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाने करायचा नाही. जानेवारी 2019 मध्ये सुप्रीम कोर्टाने केरळमधल्या एका प्रकरणात हेच ठामपणे सांगितलं. राज्याच्या नियमांत काही सूट दिसत असली तरी कलम 52 वरचढ. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने शिक्षाही आली: परवानगी नसलेल्या प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. "प्रत्येक" हा शब्द नीट वाचा. बंपरपुढचा लोखंडी गार्ड एक, बदललेली बॉडी दुसरा, असं मोजत जायचं. त्या लोखंडी गार्डबद्दल तर केंद्राने डिसेंबर 2017 मध्येच राज्यांना पत्र लिहून कारवाई करायला सांगितलं होतं. तो गार्ड आपल्या गाडीचा पत्रा वाचवतो, पण समोरच्या पायी चालणाऱ्या माणसाला तो लोखंडाचा थेट मार असतो.

पण कायद्याची भीती घालून मला हा लेख संपवायचा नाही. दंड भरून सुटता येतं, घाटात सुटता येत नाही. म्हणून पाट्यांची गोष्ट पुढं सांगते.

बऱ्याच पिकअपमध्ये मागच्या ॲक्सलजवळ एक छोटा व्हॉल्व्ह असतो, आणि त्याला एक दांडी जोडलेली असते. माल भरला की बॉडी खाली बसते, दांडी हलते, आणि व्हॉल्व्हला कळतं की मागं वजन आलंय. मग तो मागच्या चाकांच्या ब्रेकला जास्त प्रेशर जाऊ देतो. गाडी रिकामी असली की तो प्रेशर कमी करतो, कारण रिकाम्या गाडीची मागची चाकं लॉक झाली तर गाडी गरकन फिरते. हुशार रचना आहे. आता तुम्ही पाटे वाढवले. माल दीडपट भरला, तरी बॉडी खाली बसत नाही. व्हॉल्व्हला वाटतं गाडी हलकी आहे. म्हणजे ज्या वेळी ब्रेक सगळ्यात जास्त लागणार, नेमका त्याच वेळी मागचा ब्रेक कमी मिळतो. मिस्त्री व्हॉल्व्हची दांडी वाकवून "ॲडजस्ट" करून देतात, तो आणखी एक अंदाज.

आणि हा व्हॉल्व्ह नसलेली गाडी असली तरी मुद्दा सुटत नाही. पाटा वाढवला म्हणून ड्रम मोठा होत नाही, लायनर जाड होत नाही, बेअरिंग, ॲक्सल, चेसी, टायर सगळं तेच राहतं. चोर्ला घाट उतरताना गाडीचं जेवढं वजन, त्या प्रमाणात उष्णता त्या ब्रेकमध्ये जाते. ब्रेक ऑइल जुनं असलं तर त्यात हवेतलं पाणी मुरलेलं असतं. ते तापलं की वाफ होते, आणि वाफ दाबली जाते. पेडल खाली जातं, गाडी थांबत नाही. आमच्या डॅशबोर्डवर संत क्रिस्तोफरचं पदक आहे, शेजारच्यांच्या गाडीत गणपती आहे. ब्रेक ऑइलची जबाबदारी दोघांनीही घेतलेली नाही.

मग किती माल न्यायचा? हे आरसीवरच लिहिलेलं असतं, पण फार थोडे लोक ते वाचतात. दोन आकडे बघायचे: भरलेल्या गाडीचं कमाल वजन आणि रिकाम्या गाडीचं वजन. समजा पहिला 2,800 किलो आणि दुसरा 1,600 किलो. फरक 1,200. पण रिकाम्या वजनात ड्रायव्हर आणि क्लीनर धरलेले नसतात. दोघांचे मिळून 130 किलो गेले. वर तुम्ही हौसेने लोखंडी फाळके, कॅरियर, जाळी लावली, त्याचे 120 गेले. राहिले 950. म्हणजे "मजबूत" केलेली गाडी प्रत्यक्षात कमीच माल नेऊ शकते. जादा माल सापडला तर केंद्राच्या कायद्यात वीस हजार रुपये दंड आहे, वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार, आणि माल उतरवायचा खर्च वेगळा. दहा पोत्यांचं भाडं किती येतं ते तुम्हीच मोजा.

याला घरातलं उत्तर ठरलेलं असतं: "नवी गाडी घ्यायला पैसे कुठनं आणू?" हा प्रश्न खोटा नाही. पण त्याचं उत्तर फेरफारात नाही, दुरुस्तीत आहे. आणि दुरुस्तीला कुणाची परवानगी लागत नाही. जो पार्ट होता त्याच मापाचा, त्याच दर्जाचा पार्ट घालायला कलम 52 आडवं येत नाही. तुटलेल्या पाट्याच्या जागी तेवढाच पाटा, झिजलेले बुश, टाय रॉडचे एंड, प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस, लायनर, व्हील सिलिंडर. ब्रेक ऑइल दोन वर्षांनी बदलायचं. टायरची नक्षी किमान 1.6 मिलिमीटर तरी खोल हवी, नियमच आहे. रिमोल्ड टायर घालायचेच असतील तर पुढच्या चाकांना नकोत, कारण स्टेअरिंग तिथं आहे. मागं लाल, पुढं पांढरी, बाजूला पिवळी चमकणारी पट्टी. धुक्यात कणकुंबीपुढं या पट्टीची किंमत कळते.

काम करतानाची काळजीही दुरुस्तीतच येते. जॅकवर उभ्या गाडीखाली शिरायचं नाही, खाली स्टँड हवेत, आणि उरलेल्या चाकांना पुढून-मागून अडसर. ब्रेक ड्रममधली धूळ हवेच्या पाइपाने फुंकायची नाही, ती छातीत जाते. चेसीला तडा गेला तर रस्त्याकडेच्या वेल्डिंगवाल्याकडे भर टाकून घेणं म्हणजे दुखणं झाकणं. उष्णतेनं शेजारचं पोलाद कमजोर होतं आणि पुढचा तडा बहुतेक वेळा त्या भरेच्या कडेलाच जातो. कंपनीच्या वर्कशॉप मॅन्युअलमध्ये त्याची पद्धत दिलेली असते. ती माहीत असलेल्या माणसाकडेच जावं. आणि वेल्डिंगआधी बॅटरीची वायर काढायची, हे तर प्रत्येकाला सांगता येईल.

काही बदल खरोखर करावे लागतात, हेही मान्य. इंजिन गेलं आणि दुसरं बसवलं, उघडी बॉडी बंद केली, गॅस किट बसवलं. तिथं आधी आरटीओची परवानगी, मग काम, मग आरसीवर नोंद, मग विमा कंपनीला कळवणं. हा क्रम उलटा करायचा नाही. आपल्या वर्गातल्या दोघांना डिग्रीनंतर जुनी पिकअप घेऊन फूड ट्रक काढायचाय. छान कल्पना आहे. पण बॉडी बदलली की आरसी बदलली पाहिजे. खाद्यपदार्थांसाठी एफएसएसएआयची नोंदणी वेगळी. हे सगळं भांडी विकत घेण्याआधी विचारून या.

आता दोष कुणाचा? सगळा मिस्त्रीवर ढकलणं सोपं आहे, पण ते मला पटत नाही. उद्यमबागेसारखी यंत्रांची वस्ती असलेल्या गावात हातात कला असलेली माणसं कमी नाहीत. गिऱ्हाईक मागतं ते ते देतात. गिऱ्हाईक का मागतं, तर भाडं फेरीवर ठरतं आणि व्यापारी तेवढ्याच भाड्यात जास्त माल चढवतो. आणि परवानगीची वाट लांब वाटते, म्हणून कुणी विचारायलाच जात नाही. म्हणून मला दोन गोष्टी हव्यात. गॅरेजने कामाचं बिल द्यावं आणि कोणता पार्ट काढला, कोणता घातला ते त्यावर लिहावं. आरटीओच्या दारात एक मोठा फलक असावा, कन्नड, मराठी आणि इंग्रजीत: या बदलाला परवानगी लागत नाही, याला लागते, हा कधीच करता येत नाही. तीन रकाने. साध्या भाषेत. त्या भाषेचं काम आपल्यासारख्या मंडळांनी फुकटात करून द्यायला हरकत नाही. नाही तरी आपण "सोपं लिहा" म्हणून वर्षभर भांडतोच.

शेवटचं थेट आपल्याविषयी. ट्रॅडिशनल डेला आपण काय करतो? पिकअप भाड्याने आणतो, मागं जनरेटर आणि साउंड चढवतो, बाजूला लोखंडी पाइपांची चौकट वेल्ड करून घेतो, आणि मग वर पंधरा-वीस जण उभे राहतो. फेस्ताला गायकवृंद असाच जातो, गणपतीला मंडळ असंच जातं. मालवाहू गाडीत फुकट बसलेल्या प्रवाशाची भरपाई देणं विमा कंपनीला बंधनकारक नाही, असं सुप्रीम कोर्टाने 2002 सालीच ठरवलंय. म्हणजे काही झालं तर त्या पिकअपचा मालक, जो बहुतेक वेळा माझ्या पप्पांसारखाच कुणीतरी असतो, आयुष्यभर फेडत बसणार. नाही तर जखमी मुलाच्या घरचे फेडत बसणार.

यंदाची तयारी सुरू होईल तेव्हा मंडळाच्या बैठकीत मी ठराव मांडणार आहे: साउंडसाठी पिकअप घ्या, माणसांसाठी बस घ्या. आणि जी पिकअप ठरवाल तिची आरसी आणि फिटनेस आधी हातात घेऊन वाचा. दोन मिनिटांचं वाचन आहे, आपण त्याहून कठीण मजकूर रोज वाचतो.