'यू' खाल्ला म्हणून अर्धा मार्क गेला. 'पानी' लिहिलं म्हणून काय गेलं?

परवा एका ओळखीच्या घरी चहाला गेलो होतो. सहावीतल्या पोरीने वही पुढे केली. "काका, हे चूक आहे का?" तिने कलरचं स्पेलिंग सी-ओ-एल-ओ-आर लिहिलेलं. मध्ये यू नाही. त्यावर लाल गोल आणि अर्धा मार्क कट. पोरगी म्हणते, "मोबाईलवर तर असंच येतं."

पोरगी खरं बोलत होती. शाळेत चालतं इंग्लंडचं स्पेलिंग, मोबाईल-कॉम्प्युटर बऱ्याचदा अमेरिकेचं मागतो. यू घातला तर मशीन लाल रेघ मारतं, नाही घातला तर शाळा. पोराने जायचं कुठे?

थोडा इतिहास सांगतो. सॅम्युअल जॉन्सनचा इंग्रजी शब्दकोश लंडनमध्ये आला १७५५ साली. त्यात 'म्युझिक'च्या शेवटी के होता. १८२८ मध्ये अमेरिकेत नोआ वेबस्टरने आपला कोश काढला. देश वेगळा झाला, मग स्पेलिंगही आपलं असावं, असं त्याचं म्हणणं. त्याने 'कलर', 'ऑनर'मधला यू काढला, 'सेंटर'च्या शेवटचं आर-ई उलटं केलं. 'म्युझिक'चा के त्यानेही उडवला होता, आणि आज इंग्लंडमध्येही तो कुणी लिहीत नाही. म्हणजे जॉन्सनचा कोश हातात घेऊन तपासायचं म्हटलं, तर आजच्या इंग्रजांचाही मार्क कापावा लागेल!

शब्दांचं तर विचारूच नका. आपली वांगी इंग्लंडात 'ऑबर्जिन', अमेरिकेत 'एगप्लांट', आणि आपल्या शाळेत 'ब्रिंजल'. इंग्लंडमध्ये 'पेव्हमेंट' म्हणजे फुटपाथ, अमेरिकेत गाड्या चालतात तो रस्ता. तिकडे कुणी कुणाला अडाणी म्हणत नाही. परदेशी शिकायला जाणारी आपली पोरं आयईएलटीएस देतात, त्या परीक्षेत दोन्ही स्पेलिंगं चालतात. लंडनचं चालतं, न्यूयॉर्कचं चालतं. चालत नाही ते फक्त आमच्या सहावीच्या वर्गात.

आता म्हणाल, नांदगावात पाण्याची बोंब असताना हा स्पेलिंग घेऊन बसलाय. तर पाण्याचीच गोष्ट सांगतो.

मध्यंतरी एका लोकल ग्रुपवर एका ताईंनी लिहिलं, "१२ दिस झाले, आमच्या गल्लीत पानी नही." खाली पहिली कमेंट, "पानी नाही हो, पाणी." दुसरी, "आधी शुद्ध मराठी शिका." मग हसण्याच्या इमोजींची रांग. गल्ली कोणती, हे एकानेही विचारलं नाही. थोड्या वेळाने ताईंनी पोस्टच काढून टाकली. पोरीचा अर्धा मार्क गेला, या बाईची तक्रारच गेली.

दुसऱ्याला कशाला बोलू, मीही यातलाच. माझी आई चाळीसगावकडची. घरात "आठे ये, तठे बस" असंच चालायचं. नाशिकला पत्रकारितेचा डिप्लोमा करताना एकदा तोंडातून 'तठे' गेलं आणि अख्खा वर्ग हसला. त्या दिवसापासून बोलायच्या आधी मनातल्या मनात भाषांतर करायला शिकलो. पुढे बातम्या तपासायला लागलो तेव्हा तोच हसणारा वर्ग माझ्या हातात आला. एका बातमीदाराने 'दादर' लिहिलं होतं, मी 'ज्वारी' केलं. सकाळी शेतकऱ्याचा फोन. "साहेब, दादरचा भाव वेगळा, साध्या ज्वारीचा वेगळा. तुम्ही माझा भावच पाडला." शब्द शुद्ध केला आणि बातमी चुकीची छापली.

आणि ज्या शुद्धतेचा एवढा तोरा, ती तरी कधीची? आजोबांच्या काळात 'नाहीं', 'घरें' असं अनुस्वारासकट लिहिणं शुद्ध होतं. साहित्य महामंडळाचे १४ नियम सरकारने १९६२ मध्ये मान्य केले, १९७२ मध्ये त्यांत आणखी ४ आले. ते न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. आजोबा काही एका रात्रीत अशुद्ध झाले नाहीत! बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांची गाणी १९५२ मध्ये पुस्तकात आली ती त्यांच्याच बोलीत. ती आपण पोरांकडून पाठ करून घेतो, आणि तसं बोलणारी आजी पालकसभेला आली की पोराला लाज वाटते. ही लाज त्याला कुणी शिकवली?

काही मास्तर मित्र म्हणतील, "मग काहीही लिहायचं का?" अजिबात नाही. पेपरला एक नियम लागतो, परीक्षेला लागतो, सरकारी कागदाला तर लागतोच. मीही नियमाने लिहितो. पण नियम कशासाठी आहे ते सांगा. फळ्यावर दोन्ही स्पेलिंगं लिहा आणि म्हणा, "हे इंग्लंडचं, हे अमेरिकेचं, आपल्या पेपरात हे लिहायचं." दोन मिनिटांचं काम आहे. पोरगं 'तठे' म्हणालं तर सांगा, "ही अहिराणी, पुस्तकात याला तिथे म्हणतात." त्याच्या पदरात दोन शब्द पडतील. हसलात तर आहे तोही जाईल.

आणि ग्रुपवरच्या शुद्धलेखनवाल्यांना हात जोडून विनंती. कुणी 'पानी' लिहिलं तर आधी विचारा, कोणती गल्ली, किती दिवस झाले, अर्ज दिला का. त्यानंतर हौस उरली तर 'न'चा 'ण' करा.

त्या ताई ही पोस्ट वाचत असतील तर त्यांनी मला मेसेज करावा. जसं बोलता तसंच लिहा. बातमी मी लावतो, आणि या वेळी शब्द बदलणार नाही.