पट गावच्या शाळेत, पोर उसाच्या फडात



दिवाळीच्या आसपास नागज फाट्यावरून ऊसतोड टोळ्यांचे ट्रॅक्टर जातात. ट्रॉलीत भांडीकुंडी, शेळ्या, आणि त्यात शाळेच्याच गणवेशात बसलेली पोरे. जत आणि सांगली जिल्ह्याच्या पूर्व भागातली ही मुले पुढचे चार-पाच महिने वाळवा, पलूस, नाहीतर शिरोळकडच्या फडाजवळच्या कोप्यांवर (झोपड्यांत) राहतात. आईबाप पहाटे फडात गेले की नऊ-दहा वर्षांची मुलगी धाकट्याला कडेवर घेते. तिची शाळा तिथेच सुटते.

शाळेची शिक्षकपदे ठरवणाऱ्या संचमान्यतेसाठी ३० सप्टेंबरचा पट धरतात आणि टोळ्या त्यानंतर निघतात. म्हणजे शिक्षकाचे पद गावात आणि मूल फडात. गावचे मुख्याध्यापक दाखला द्यायला कचरतात, कारण पुढच्या वर्षी पट घटला की पद जाते. फडाजवळच्या शाळेला या मुलांसाठी जादा शिक्षक मिळत नाही. दोघांचीही अडचण खरी आहे, पण वर्ष बुडते ते मुलाचे.

शिक्षण हक्क कायदा, २००९ नुसार स्थलांतरित कुटुंबांतल्या मुलांच्या प्रवेशाची जबाबदारी स्थानिक प्राधिकरणाची आहे. दाखल्याला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. साखरशाळा झाल्या, हंगामी वसतिगृहे झाली, शिक्षण हमी कार्डही आले. तरीही मूल एका तालुक्यातून दुसऱ्यात गेले की त्याचा जाब कोणाला विचारायचा, हे पालकाला आजही कळत नाही.

निदान सांगली जिल्ह्यात तरी तालुका बदलल्याची सबब चालू नये. जत, कवठे महांकाळ, पलूस, वाळवा हे सगळे तालुके एकाच जिल्हा परिषदेखाली आहेत. मुले पाठवणाऱ्या आणि मुले येणाऱ्या तालुक्यांच्या गटशिक्षणाधिकाऱ्यांची संयुक्त समिती नेमा. तिच्यात ऊसतोड पालक आणि कारखान्याचा शेती अधिकारी हवाच, कारण कोणती टोळी कुठे उतरली हे त्यालाच नेमके ठाऊक असते. मुलांची यादी सप्टेंबरमध्येच करा. हंगामापुरते गावचे पद अबाधित ठेवा, म्हणजे दाखला अडणार नाही. जानेवारीत फडाजवळच्या शाळांची दुसरी पटनोंदणी करून तेवढे हंगामी शिक्षक आणि पोषण आहाराचा शिधा तिथे द्या. हा खर्च समितीच्या एकाच खात्यातून व्हावा आणि हिशेब दोन्हीकडच्या शाळा व्यवस्थापन समित्यांपुढे वाचला जावा. संचमान्यतेचा निकष बदलायला शासनाची मंजुरी लागेल. तो प्रस्ताव जिल्हा परिषदेनेच पाठवावा. घडी बसली की कोल्हापूर जिल्हा परिषदेशी करार करता येईल. सीमेपलीकडे कर्नाटकात अथणी भागात जाणाऱ्या मुलांसाठी मराठी माध्यमाचा प्रश्न वेगळा आहे. तो दोन्ही राज्यांनी बसून सोडवावा लागेल.

गाळप परवान्यासाठी कारखाने दरवर्षी अर्ज करतात. त्या अर्जासोबत तळावरच्या मुलांची यादी जोडणे साखर आयुक्तांनी सक्तीचे करावे, आणि जिल्हा परिषदेने समितीचा ठराव यंदाच्या गाळपाच्या पहिल्या मोळीआधी करावा, ही कळकळीची विनंती.

— एक निवृत्त प्राथमिक शिक्षक, कवठे महांकाळ